साहेबाच्या चुलीतले देव

बंगला बघायला येणाऱ्यांना मी आधी चहा विचारायची. आता विचारत नाही. दोन वर्षांत इतकी माणसं येऊन गेली की विचारायची सोय राहिली नाही. येतात, मान वर करून छत बघतात, जिन्याच्या कठड्यावरून हात फिरवतात, रंगीत काचांपुढे उभं राहून फोटो काढतात आणि जातात. काहीजण तर घ्यायला आलेलेच नसतात. एकीने लग्नाआधीचे फोटो काढायला नवरामुलगाच बरोबर आणला होता. मी म्हटलं, "बाई, घर विकायचंय, भाड्याने नाही द्यायचं." तर म्हणते, "आंटी, फक्त दहा मिनिटं!" तिची दहा मिनिटं पार दुपारच्या जेवणापर्यंत चालली.

देवळाली कॅम्पात असे बंगले अजून काही उरलेत. आमचा त्यातला जुना, इंग्रजांच्या राणीच्या काळातला, असं एजंट सगळ्यांना सांगतो. दगडी जोतं, उतरती कौलं, पुढे लाकडी नक्षीचा व्हरांडा आणि आत एवढ्या उंच खोल्या की जळमटं काढायला दोन बांबू एकाला एक बांधावे लागतात. लोक म्हणतात, काय सुंदर घर आहे हो! आहेच सुंदर. एकदा झाडून बघा, मग बोलू. तोफखान्याचा सराव सुरू झाला की सगळ्या खिडक्या थडथडतात. पाहुणे दचकतात. मी फक्त कुठली काच निखळली ते बघते.

मी लंकाबाई. माहेर निफाडकडचं. माझे सासरे, बहिरूदादा, भगूरच्या रस्त्याला फुलं आणि भाजीपाला पिकवायचे आणि मिलिटरीच्या मेसला पुरवायचे. त्या कोबी-फ्लॉवरवर त्यांनी एका पारशीण बाईकडून हा बंगला घेतला. घेतला त्या दिवशी त्यांनी बैठकीच्या भिंतीतली फायरप्लेस पहिल्यांदा नीट बघितली. संगमरवरी चौकट, वर रुंद फळी, आत काळं भोक. "हे काय हाय?" त्यांनी विचारलं. कुणीतरी सांगितलं, साहेबाची चूल. बहिरूदादा म्हणाले, "बैठकीत चूल? येडा होता का साहेब? पाहुण्यांपुढं भाकरी थापायचा?" मग चुलीचं तोंड पूर्वेला आहे असं बघून त्यांनी ती धुऊन घेतली, आतून चुना मारला आणि घरचे देव तिच्यात बसवले.

तेव्हापासून आमचे देव साहेबाच्या चुलीत. देव म्हणजे टाक. चांदीच्या पत्र्यावर उठवलेले, दोन बोटं रुंद. सप्तशृंगी, खंडोबा, भैरोबा आणि घरातले गेलेले वाडवडील. मी लग्न होऊन आले तेव्हा धुराडं वरून उघडं होतं. वारा सुटला की काजळी पडायची. देव सकाळी न्हायचे आणि दुपारी काळे व्हायचे, की मी परत घासायला बसायची. शेवटी आमचे हे, यादव, कौलांवर चढले आणि धुराड्याच्या तोंडावर पत्रा ठोकून आले. माझ्यासाठी माणसाने केलेलं ते सगळ्यात मोठं काम.

हे थोरले. पाठचे दोघे, रंगनाथ भाऊजी आणि महेश भाऊजी. पुढे तिघं वेगळे झाले. मळा वाटला, विहीर वाटली, भांडीसुद्धा वाटली. देव वाटले नाहीत. देव वेगळे करायचे म्हणजे नवे टाक घडवा, जागरण-गोंधळ घाला. तो व्याप कोण करतो? "देव एकत्रच राहू द्या, त्या निमित्ताने सगळे भेटतील," असं ठरलं. ठरवणारे पुरुष होते. देव थोरल्याच्या घरी राहिले, म्हणजे थोरल्याच्या बायकोच्या कमरेवर राहिले.

मग काय! नवरात्राला सगळं गणगोत आमच्याकडे. कळवणची आत्या, पुण्याचे महेश भाऊजी, त्यांचे व्याही, व्याह्यांचे शेजारी. चंपाषष्ठीला रोडगे आणि भरीत. नवी सून आली की पाया पडायला इथे. पोराचं जावळ काढलं की नैवेद्याला इथे. सगळे येणार, जेवणार, व्हरांड्यात पान खाणार आणि निघताना म्हणणार, "वहिनी, तुमच्या हातच्या पुरणाला तोड नाही." पुरणाला तोड नव्हती, पण माझ्या कमरेला होती की! एकीनेही कधी पाट्यापाशी बसून म्हटलं नाही, सरका, मी वाटते.

हे गेले आणि आणखी एक नवीनच निघालं. कुळाचाराला जोडपं लागतं. माझं जोडपं मोडलेलं. म्हणून पूजेला पाटावर रंगनाथ भाऊजी आणि त्यांची सुवर्णा. सुवर्णा गंगापूर रोडवरून गाडीने यायची, पैठणी नेसून, गजरा माळून, आणि उतरली की सरळ पाटावर बसायची. पाटावर ती, स्वयंपाकघरात चुलीशी मी. बरं, वर्षाचे बाकीचे सगळे दिवस देवांना आंघोळ कोण घालत होतं? मीच. तेव्हा देवांना माझ्या हातचं पाणी चालत होतं. तेव्हा कुणी विचारलं नाही की वहिनी, तुमचं जोडपं कुठंय.

म्हणून सांगते, बंगला विकायची घाई मला पैशासाठी नव्हती. मला देवांतून सुटायचं होतं. ऐकून कुणी कानांवर हात ठेवेल. ठेवा बापडे. मी दमले होते. घर विकलं की मी राजकडे, माझ्या मुलाकडे, नाशिकरोडला जाणार आणि देव दुसऱ्या कुणाकडे तरी जाणार, एवढंच माझ्या डोक्यात होतं. एखाद्या नवरात्रात मी पाहुणी म्हणून जाईन, हात धुऊन पंगतीत बसेन, कुणीतरी गरम पोळी वाढेल आणि मी म्हणेन, अजून एक वाढ गं. या विचाराने मला खरंच बरं वाटायचं.

शेवटी तेजस्विनी आली. मुंबईची पोरगी, जुनी घरं दुरुस्त करायचं काम करते. तिने आल्या आल्या फोटो काढला नाही. चपला बाहेर काढल्या, देवांना हात जोडले आणि मग विचारलं, "मावशी, ही मूळची फायरप्लेस ना?"

"साहेबाची चूल," मी म्हटलं.

ती हसली. तिला बंगल्यात पाहुणे उतरवायचे होते आणि पावसात-थंडीत तीच चूल पेटवायची होती. "पण देव इथे असताना नाही हं मावशी," ती म्हणाली. "देव तुम्ही नेणारच ना?"

"नेणारच," मी म्हटलं. कोण, ते म्हटलं नाही. तिला मात्र मी चहा दिला.

सौदा ठरतोय म्हटल्यावर दोन्ही दीर असे हजर झाले की नवरात्रालासुद्धा इतक्या वेळेवर कधी आले नसतील. बंगला वाटला नव्हता, म्हणून तिघांच्या सह्या लागणार होत्या. मी सरळ सांगितलं, "माझी सही आहे. पण आधी देवांचं ठरवा. मी देव घेऊन जाणार नाही. माझ्याने आता होत नाही."

मला वाटलं, आता सुरू होणार, जागा नाही, वेळ नाही, लिफ्ट बंद असते. पण रंगनाथ भाऊजी पुढे झाले. "वहिनी, लय केलं तुम्ही. देव आमच्याकडं येतील. माझा शब्द." सुवर्णाही लगेच म्हणाली, "हो ताई, आनंदच आहे की!"

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. एवढी वर्षं या माणसांना मी मनातल्या मनात काय काय बोलले होते! मला लाज वाटली. वाटलं, माणसं वाईट नसतात, आपणच दमलो की वाईट दिसायला लागतात.

त्यानंतर भाऊजी मला त्यांचा फ्लॅट दाखवायला घेऊन गेले. देवघर नवं करून घेतलं होतं, पांढरं शुभ्र, वर छोटे दिवे. देवांची चैनच होती. मी सुवर्णाला म्हटलं, "टाक विभूतीने घासायचे, चिंच लावू नकोस. आणि खंडोबाच्या टाकाची कड उडालीय, बोट कापतं, जपून." तर ती म्हणाली, "ते बघू हो ताई नंतर." घटाला माती कुठली, माळ कशी बांधायची, तिने काहीच विचारलं नाही. मी म्हटलं, शिकेल हळूहळू. मीसुद्धा शिकलेच ना.

देवघराला लागून एक बारकी खोली होती. एक खाट, भिंतीला दोन खुंट्या, कोपऱ्यात ओटा आणि त्यावर एकाच बर्नरची शेगडी.

"ही कुणाची?" मी विचारलं.

"अशीच," सुवर्णा म्हणाली. "देवाच्या स्वयंपाकाला वेगळी जागा असलेली बरी."

मला वाटलं, कामाला बाई ठेवणार. बरं केलं. खाटेला गादी जाड नव्हती, ते तेवढं मनात आलं. म्हटलं, बाईला सांगावं, आणखी एक सतरंजी टाकून घे म्हणून.

सह्यांच्या आदल्या दिवशी सगळे देव न्यायला बंगल्यात जमले. रंगनाथ भाऊजींनी सोवळं नेसलं होतं, सुवर्णा पैठणीत. राज आणि माझी सून संजना सकाळपासून माझं सामान बांधत होते. महेश भाऊजी पुण्याहून फोनवर होते, फोन राजने स्पीकर लावून चौकटीच्या फळीवर ठेवलेला. बाहेर भाऊजींची मोठी गाडी, फुलांची माळ घातलेली. मी आंघोळ करून देवांना शेवटचा नैवेद्य दाखवला. मनात म्हटलं, आई, तुझं खूप केलं, आता मोकळं कर. तिनेही केलं असं मला वाटलं.

तेवढ्यात सुवर्णा राजला म्हणाली, "अरे, ताईंच्या बॅगा पण याच गाडीत टाक. परत फेरी नको."

मी म्हटलं, "माझ्या बॅगा कशाला? त्या नाशिकरोडला जायच्यात."

राज बॅगेची चेन लावत होता. लावलेली चेन त्याने परत उघडली आणि परत लावली.

फोनमधून महेश भाऊजी बोलले, त्यांना इथलं काही दिसत नव्हतं. "दादा, आमच्याकडची चंपाषष्ठी नक्की धरा हं. देव आणि वहिनी दोन दिवस आधी पाठवा, म्हणजे तयारीला वेळ मिळेल."

साहेबाच्या बैठकीत आवाज घुमतो. तो घुमला.

"देव आणि वहिनी म्हणजे?" मी विचारलं. "राज, तू सांग. माझं काय ठरलंय?"

"आई, तसं काही नाही गं," राज म्हणाला. "काकांकडे देव जाणार, तर तू पण तिकडे असलीस की... म्हणजे तुलाच बरं वाटेल. देवांशिवाय तुला करमणार आहे का? आणि अधूनमधून आमच्याकडे येशीलच की."

"आणि हे मला कधी सांगणार होतात?"

"सह्या झाल्या की निवांत बोलू म्हटलं," रंगनाथ भाऊजी म्हणाले. "आता वहिनी, सुवर्णाला काय येतं त्यातलं? तुम्हीच सांगा. तुमच्याबिगर देव राहायचे कसे?"

संजना खोक्याला चिकटपट्टी लावत होती, ती उठून उभी राहिली. ती एरवी फारसं बोलत नाही. "मी ह्यांना म्हटलं होतं, आई. आधी तुम्हाला विचारा म्हणून," ती म्हणाली, आणि राजकडे बघितलं. राजने मान खाली घातली.

ती खाट माझ्या डोळ्यांपुढे आली. दोन खुंट्या. पातळ गादी. म्हणजे ती कामाची बाई मीच होते, आणि तिला सतरंजी सांगणारीही मीच. मला रडू आलं नाही. मला भयंकर थकवा आला, आणि त्या थकव्याच्या खालून संताप वर आला. ज्याने शब्द दिला म्हणून मी डोळे पुसले होते, त्याने शब्द पाळलाच होता. देव नेणारच होता तो. देव नेताना त्यांचं करणारी बरोबर नेतात, एवढंच त्याला सांगावंसं वाटलं नव्हतं.

मी गेले आणि देवांपुढे बसले. ताम्हनात खण पसरला आणि सप्तशृंगीचा टाक उचलला.

"वहिनी, थांबा!" भाऊजी पुढे आले. "असे उचलायचे नाहीत. जोडप्याने उचलायचे. आम्ही सोवळ्यात हाओत."

"भाऊजी," मी म्हटलं, "रोज आंघोळीला यांना कोण उचलतं? रोज उचलून बाटले नाहीत, ते आज बाटतील?"

"अहो पण तुम्हालाच तर देव नको होते! तुम्हीच म्हणालात."

"म्हणाले. तेव्हा मला कळत नव्हतं. मला देव कधी जड झालेच नव्हते, भाऊजी. मला तुम्ही सगळे जड झाला होता."

फोनमधून महेश भाऊजी म्हणाले, "हॅलो? काय झालं?" संजनाने जाऊन तो फोन पालथा ठेवला.

मी एकेक टाक पुसला. खंडोबा, भैरोबा. बहिरूदादा. शेवटी आमचे हे, सगळ्यात नवे, अजून चकाकत असलेले. त्यांना मी जरा जास्त वेळ पुसलं. मग खणाची गाठ बांधली आणि उठताना गुडघ्यांनी नेहमीसारखा आवाज केला.

"सही मी उद्या करते," मी म्हटलं. "त्या पोरीला शब्द दिलाय, आणि माझ्या शब्दाला लागून बारकी खोली नसते. पण माझ्या हिश्शातून आधी भगूरला मला दोन खोल्या. खालच्या मजल्यावर. तोवर संजनाकडे राहीन, देवांसकट. चालेल ना गं?"

"चालेल," संजना म्हणाली. राजला तिने विचारलं नाही.

सुवर्णाच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. तिचीही चूक होती, पण एवढी पैठणी नेसून ती बिचारी तशीच उभी राहिली. फुलांची माळ घातलेली गाडी रिकामी गेली.

आता मी भगूरला आहे. दोन खोल्या, बुटकं छत, जळमटं हातानेच निघतात. देव एका साध्या फळीवर. परवा तेजस्विनीचा फोन आला, खोकत होती. "मावशी, चूल पेटवली तर सगळा धूर घरात! पाहुणे व्हरांड्यात पळाले!"

"अगं बाई!" मी म्हटलं. "वर पत्रा आहे. आमच्या यांनी ठोकलाय. सांगायचं राहूनच गेलं की गं." दोघी खूप हसलो. मग म्हटलं, तो पत्रा काढलास की फेकू नकोस, मला आणून दे.

आज घटस्थापना. सुवर्णाचा कालच फोन येऊन गेला, ताई, अष्टमीला आम्ही सगळे येतो. मी म्हटलं, या की. देव सगळ्यांचे आहेत. येताना पुरणपोळ्या करून आणा, माझ्याकडे दूध-साखर असेल. मग ती म्हणाली, ताई, पुरणाला डाळ किती वेळ शिजवायची? मी सांगितलं. भिजवायची किती वेळ, तेही सांगितलं.

सकाळी उठायला मला उशीर झाला. ऊन फळीपर्यंत आलं होतं आणि देव अजून पारोसे. आधी स्वतःसाठी चहा केला, तो बसून प्याले. मग आंघोळ केली, परडीत माती भरली, घट मांडला, दिवा लावला. पाट भिंतीला टेकवून ठेवलेला होता. आजवर तो मीच धुवायची, मीच मांडायची आणि दुसरं कुणीतरी बसायचं. आज मांडला आणि बसले. गुडघे दुखत होते, म्हणून उठायची घाई केली नाही.